पांढऱ्या गंजाची बखर

वसई-विरारपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या वाऱ्याच्या टप्प्यात जी घरे आणि ज्या गृहनिर्माण संस्थांच्या इमारती गेल्या काही दशकांत उभ्या राहिल्या, त्यांतील बहुतेकांनी सागवानी खिडक्यांना रजा देऊन ॲल्युमिनियमची सरकती तावदाने पत्करली, आणि ती पत्करताना मक्तेदाराच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकले की, याला गंज चढत नाही. हे वाक्य सर्वस्वी खोटे नव्हे. लोखंडाला चढतो तसा तांबडा, पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणारा गंज या धातूला खरोखरच चढत नाही. परंतु काही पावसाळे उलटले म्हणजे त्याच चौकटीच्या खालच्या पन्हळीत, जेथे तावदान सरकते आणि जेथे धूळ, ओल व खारे वारे यांचा मुक्काम वर्षभर असतो तेथे, जाडसर मिठाच्या कणांसारख्या पांढऱ्या पुटकुळ्या दिसू लागतात. ओल्या फडक्याने पुसल्या तर जातात, आणि पुढल्या महिन्यात नेमक्या त्याच जागी पुन्हा उगवतात. एखादी पुटकुळी नखाने खरवडून खाली भिंग धरावे, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे एक काळे विवर दृष्टीस पडते; त्याचा काठ वाटोळा नसून कुरतडल्यासारखा असतो, आणि त्याच्या सभोवतीचा धातू, नवलाची गोष्ट अशी की, अगदी कालच बसविल्यासारखा लखलखीत असतो. सगळा पृष्ठभाग धडधाकट आणि एकाच बिंदूला मात्र रोग, हेच या व्याधीचे लक्षण. शास्त्रज्ञ तिला छिद्रक्षरण म्हणतात. कारागीर नुसते "भोके पडली" म्हणतात.

या भोकांचा इतिहास आणि त्यांवर माणसाने योजिलेल्या उपायांची हकीकत जितकी रसाळ आहे तितकी ती मराठीत सांगितली गेलेली नाही. आणि ज्या सामान्य गृहस्थाला या क्षरणाचा भुर्दंड सोसावा लागतो, त्याला तर ती बहुधा कोणी सांगतच नाही. सबब हा प्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ॲल्युमिनियम हा स्वभावाने शांत धातू आहे म्हणून तो टिकतो, असे आपण समजतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. प्राणवायूविषयी या धातूची ओढ इतकी प्रखर आहे की, त्याची भुकटी लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये मिसळून पेटविली असता ती लोखंडाचा प्राणवायू हिसकावून घेते आणि त्या झटापटीत निघणाऱ्या उष्णतेने लोखंड पाण्यासारखे वितळते. रेल्वेचे रूळ जागच्या जागी सांधण्याकरिता आजही हीच युक्ती वापरतात. असा हा उतावळा धातू उघड्या हवेत वर्षानुवर्षे चकाकत राहतो, तो केवळ आपल्या त्या उतावळेपणामुळेच. कोरा पृष्ठभाग हवेला लागण्याचा अवकाश, की तत्क्षणी त्यावर ऑक्साइडचा एक पारदर्शक पापुद्रा धरतो, आणि एकदा तो धरला म्हणजे आतल्या धातूपर्यंत प्राणवायूची वाट बंद होते. या पापुद्र्याची जाडी २ ते ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाची जेमतेम दुप्पट ते पाचपट. ओरखडा काढा, तो पुन्हा धरतो. लोखंडाचा गंज फुगून सुटतो आणि नव्या धातूला उघडे पाडतो. हा मात्र मुळाला घट्ट चिकटून असतो आणि खालच्या धातूचा जामीन होतो.

हा जामीन किती मोलाचा आहे, हे तो नाहीसा झाला म्हणजे कळते. पाऱ्याचा एक थेंब ओरखडलेल्या ॲल्युमिनियमवर पडला, तर पाऱ्यात मिसळलेल्या धातूवर पापुद्रा धरू शकत नाही आणि पाहता पाहता पांढऱ्या ऑक्साइडचे केसाळ तंतू उगवून भक्कम पत्रा पोखरला जातो. विमानात पारा नेण्यास कडक निर्बंध आहेत ते याचसाठी. आम्ल आणि क्षार हेही या कवचाचे शत्रू होत. पाण्याचा सामू सुमारे ४ ते ८.५ यांच्या दरम्यान असेल तोवर पापुद्रा सुरक्षित. त्याच्या खाली किंवा वर तो विरघळू लागतो. ओल्या चुन्या-सिमेंटचे पाणी हे या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचे, ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या कवचाच्या सामर्थ्याचे दाखले पाहायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे गेले पाहिजे. वॉशिंग्टन शहरातील प्रसिद्ध स्मारकस्तंभाच्या अग्रावर ६ डिसेंबर १८८४ रोजी १०० औंस वजनाचा ॲल्युमिनियमचा एक छोटा पिरॅमिड बसविण्यात आला. फिलाडेल्फियाच्या विल्यम फ्रिशमथने तो ओतला होता, आणि तेव्हा हा धातू चांदीच्या पंक्तीत बसण्याइतका महाग होता. पुढे दोनच वर्षांनी, १८८६ साली, अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न कळता विजेच्या साह्याने तो काढण्याची रीत शोधली आणि त्याची किंमत कोसळली. १९३४ मध्ये त्या शिखराची तपासणी झाली तेव्हा विजेच्या लोळांनी त्याचे टोक बोथट केलेले आढळले; परंतु बाजूंवर कोरलेली अक्षरे वाचता येत होती. लंडनच्या पिकॅडिली चौकातील आल्फ्रेड गिल्बर्टने घडविलेली पंखधारी मूर्ती १८९३ पासून धूर आणि धुके यांत उभी आहे, तीही ॲल्युमिनियमचीच. हे सर्व दाखले ज्या धातूचे आहेत तो बऱ्यापैकी शुद्ध, आणि म्हणून मऊ, होता. माणसाला त्याच्यापासून बळ हवे झाले आणि येथूनच अनर्थाला आरंभ झाला.

जर्मनीतील धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म याने १९०६ च्या सुमारास ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घालून, तो मिश्रधातू तापवून एकदम थंड केला, तेव्हा त्याला असे आढळले की, काहीही न करता नुसता ठेवून दिल्याने तो काही दिवसांत आपोआप कठीण होत जातो. या ड्युरालुमिनने विमानविद्येचे भाग्य उघडले. झेपेलिनच्या अवाढव्य वायुनौकांचे सांगाडे त्याचे झाले, पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात युंकर्सची धातूची विमाने त्याचीच झाली. परंतु ही विमाने समुद्रावर उतरू लागली, तेव्हा जे मऊ धातूने कधी दाखविले नव्हते ते या बलवान धातूने दाखविले. पाण्याला टेकणाऱ्या तरंडांवर खळगे पडू लागले. एवढेच नव्हे, तर वरून निर्दोष दिसणारा पातळ पत्रा हाताने वाकविला तर काडकन मोडू लागला, कारण क्षरण धातूच्या स्फटिकांच्या सांध्यासांध्यांतून आत शिरले होते. ज्या तांब्याने बळ दिले होते तेच फितूर झाले होते.

ही फितुरी कशी चालते, ते जरा सावकाश पाहण्यासारखे आहे. व्यवहारातील ॲल्युमिनियम एकजिनसी नसतो. त्याच्या अंतरंगात लोह, सिलिकॉन, तांबे यांच्याशी झालेल्या संयुगांचे सूक्ष्म कण ठिकठिकाणी विखुरलेले असतात, आणि जेथे असा कण पृष्ठभागाशी आलेला असतो तेथे ऑक्साइडचा पापुद्रा सलग धरत नाही. समुद्रावरून आलेल्या तुषाराचा एक थेंब अशा जागी स्थिरावला, म्हणजे त्यातील क्लोराइडचे आयन त्या दुबळ्या जागी पापुद्रा फोडून आत शिरतात. अन्यत्र फुटलेला पापुद्रा तत्काळ सांधला जातो. परंतु क्लोराइडच्या सान्निध्यात तो सांधला जात नाही आणि उघडा पडलेला धातू विरघळू लागतो. विरघळताना त्याने मागे ठेवलेले इलेक्ट्रॉन धातूतूनच वाहत जाऊन जवळच्या लोहयुक्त किंवा ताम्रयुक्त कणापाशी पोहोचतात आणि तेथे पाण्यात मुरलेला प्राणवायू ते उचलतो. म्हणजे एका थेंबाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या अंतरावर, एक विद्युत्घट चालू झाला. त्याचे एक अग्र तो कण आणि दुसरे अग्र ते विवर.

येथवर तरी थेंब वाळला की मामला मिटावा. परंतु खरा कावा पुढेच आहे. विरघळलेले ॲल्युमिनियमचे आयन विवरातल्या पाण्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड होतात आणि त्या संयोगात आम्ल मोकळे होते. बाहेरचे पाणी जवळजवळ उदासीन असताना विवराच्या तळाशी सामू ३-४ पर्यंत उतरतो. धन आयनांची गर्दी झाली म्हणून विद्युत्भाराचा समतोल राखण्यासाठी बाहेरून आणखी क्लोराइड आत ओढले जातात. आम्ल आणि क्लोराइड एकत्र आले, म्हणजे विवरात पातळ हायड्रोक्लोरिक आम्लच तयार झाले, असे म्हणावयास हरकत नाही. ताजे विवर सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर त्यातून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघताना दिसतात. आणि जो पांढरा, लिबलिबीत हायड्रॉक्साइड बाहेर येतो, तो विवराच्या तोंडावर साचून त्याचे झाकण होतो: आतले आम्ल बाहेर धुतले जात नाही, बाहेरचा प्राणवायू आत येऊन पापुद्रा सांधू शकत नाही. आपल्या खिडकीवरची पांढरी पुटकुळी ती हीच. ती नुसती पुसून भागत नाही, कारण आजार तिच्याखाली आपली रसद आपणच निर्माण करीत बसलेला असतो.

यावरून एक गोष्ट सहज ध्यानात यावी की, या क्षरणाचा हिशेब वजनावर करता येत नाही. लोखंडाचा तुकडा किती झिजला हे तराजू सांगतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आरपार भोक पडून पाण्याची टाकी निकामी झाली तरी तराजूचा काटा हलल्याचे कळतही नाही. अल्प जागी सारा घात एकवटतो म्हणून तो खोल जातो. सुदैवाने त्याच्या वेगालाही एक मर्यादा आहे. कॅनडाच्या ह्यू गोडार्ड याने नैसर्गिक पाण्यांत ठेवलेल्या पत्र्यांवरील विवरांची खोली मोजून १९६० साली असे दाखविले की, ती काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या वर्षात जेवढी खोली झाली तिची दुप्पट व्हावयास आठ वर्षे लागतात, तिप्पट व्हावयास सत्तावीस. याचा व्यावहारिक अर्थ फार महत्त्वाचा आहे: पत्रा दुप्पट जाड घेतला तर त्याचे आयुष्य दुप्पट नव्हे, आठपट होते. पातळ माल घेऊन केलेली काटकसर किती आतबट्ट्याची असते, याचा याहून स्वच्छ दाखला दुसरा क्वचितच सापडेल.

आपल्या स्वयंपाकघरातही हे प्रयोग कित्येक पिढ्या चालू आहेत. १८९८ साली आल्फ्रेड चॅटर्टन याने मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास आरंभ केला आणि पुढे ती देशभर पसरली. आपल्याकडे त्यांना जर्मनची भांडी म्हणतात. ज्या पातेल्यात आमसुलाचे सार किंवा खारवलेले जिन्नस रात्रभर राहिले, त्याच्या बुडाला काळे ठिपके आणि ठिपक्यांची पुढे छिद्रे झालेली जुन्या घरांतील स्त्रियांना ठाऊक असतात. तांब्याच्या हंड्यातले पाणी जर्मनच्या पातेल्यात नित्य ओतले तरी तेच होते, कारण दहा लाख भागांत एका भागाहून पुष्कळच कमी तांबे पाण्यात असले तरी ते ॲल्युमिनियमवर कणाकणाने बसते आणि प्रत्येक कणाभोवती वर सांगितलेला घट चालू होतो. कुकर आतून काळा पडतो तो प्रकार मात्र निराळा आणि निरुपद्रवी; त्यात पापुद्रा फुटत नाही, नुसता जाड होऊन काळवंडतो, आणि पाण्यात चिंचेचे बुटूक टाकण्याचा घरगुती तोडगा त्यावर लागू पडतो.

आता उपायांकडे वळू. धातूच्या रक्षणाची आपल्या परिचयाची रीत म्हणजे कल्हई: तांब्या-पितळेच्या भांड्यावर कथलाचा मुलामा दिला की ताक कळकत नाही, मुलामा घासून गेला की कल्हईवाल्याला पुन्हा हाक मारावयाची. परक्या वस्तूचे आवरण घालण्याच्या या पद्धतीहून सर्वस्वी वेगळी कल्पना १९२३ साली इंग्लंडात गाय डन्स्टन बेंगॉ आणि जॉन मॅकआर्थर स्टुअर्ट यांनी प्रत्यक्षात उतरविली. त्यांचा विचार असा की, धातूचा स्वतःचा पापुद्रा जर इतका गुणी आहे आणि त्याचा दोष एवढाच की तो फार पातळ आहे, तर बाहेरचे काही लादण्यापेक्षा तोच जाड का करू नये? त्यांनी ड्युरालुमिनचे भाग क्रोमिक आम्लाच्या तीन टक्के द्रावणात बुडवून त्यांना विद्युत्मंडलाचे धनाग्र केले आणि दाब हळूहळू ५० व्होल्टपर्यंत चढविला. पाण्यातील प्राणवायू धनाग्राशी येतो आणि धातूशी संयोग पावतो. नैसर्गिक पापुद्रा जेथे नॅनोमीटरात मोजावा तेथे हा काही मायक्रॉन, म्हणजे हजार पटींच्या घरात, जाड होतो. समुद्रविमानांच्या भागांकरिताच ही रीत निघाली; तिलाच ॲनोडायझिंग म्हणतात. क्रोमिक आम्ल निवडण्यात एक दूरदृष्टी होती: रिव्हेटांच्या फटीत आम्लाचा अंश राहिलाच, तर तो धातूला खाण्याऐवजी उलट राखतो.

यानंतर चारच वर्षांनी, १९२७ साली, दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. इंग्लंडात गोवर आणि ओब्रायन यांनी क्रोमिकच्या जागी स्वस्त गंधकाम्ल वापरण्याचे एकस्व मिळविले, आणि आज जगातील बहुतेक ॲनोडायझिंग ज्या रीतीने होते तिचा पाया घातला गेला. अमेरिकेत एडगर डिक्स याने अगदी निराळा मार्ग धरला. त्याने ड्युरालुमिनच्या पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून एकजीव केला. बळ आतल्या धातूचे, कांती बाहेरच्या धातूची. या अल्क्लॅड पत्र्याची खुबी अशी की, बाहेरचा शुद्ध धातू विद्युत्दृष्ट्या आतल्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने विवर आतल्या थराच्या सीमेवर पोहोचले की खोल जाण्याचे सोडून आडवे पसरते. बाहेरचा थर स्वतः झिजून आतल्याला वाचवितो. विमानांच्या बाह्यांगावर अशा पत्र्याचा वापर पुढे कित्येक दशके अव्याहत चालू राहिला.

रासायनिक लेपांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. क्रोमेटच्या द्रावणात नुसते बुडवून धातूवर धरणारा पिवळसर थर हा आजवरचा सर्वांत गुणकारी लेप ठरला, कारण ओरखडा पडला तर त्यातील क्रोमेट ओल्या जागी झिरपून जखम बुजविते. परंतु षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि ज्या कामगारांच्या नाकपुड्या व फुप्फुसे या गुणाची किंमत मोजतात त्यांचा विचार करता ते जाणेच इष्ट. युरोपात २०१७ च्या सप्टेंबरपासून क्रोमियम ट्रायॉक्साइडचा वापर विशेष परवान्यावाचून करता येत नाही. त्याच्या जागी त्रिसंयुजी क्रोमियमचे आणि झिर्कोनियमचे लेप येत आहेत. कार्यक्षमता थोडी उणी पडली तरी माणसाच्या आरोग्यापुढे तिचा हट्ट धरू नये, असे मला वाटते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका औद्योगिक वसाहतीत प्रस्तुत लेखकाने ॲनोडायझिंगचा एक लहानसा कारखाना पाहिला. छपराखाली एका ओळीत टाक्या, वर सरकती यारी, आणि हवेत घसा खवखवविणारा आम्लाचा दर्प. खिडक्यांचे लांबच लांब सेक्शन जिगवर घट्ट आवळून टांगलेले. ही पकड सैल राहिली तर वीजच पोहोचत नाही, म्हणून कारागीर प्रत्येक चाप हाताने ओढून पाहत होता. प्रथम तेलकटपणा काढणे, मग ऊन कॉस्टिकमध्ये एचिंग, ज्यातून माल निघतो तो करडा, काजळी फासल्यासारखा. मग नत्राम्लात बुडी, आणि ती काजळी, जिला तेथे स्मट म्हणतात, क्षणार्धात उतरून धातू रुपेरी होतो. त्यानंतर मुख्य टाकी: लिटरला १६५ ते २०० ग्रॅम गंधकाम्ल, तपमान वीस अंशांच्या आसपास. प्रवाह सुरू झाला की आम्ल तापते, आणि तापलेल्या आम्लात धरणारा पापुद्रा भुसभुशीत होतो. म्हणून शीतकयंत्र अष्टौप्रहर चालू. चौरस डेसिमीटरला दीड ॲम्पिअर प्रवाह धरला तर २५ मायक्रॉनला पाऊण तास ते तासभर, १० मायक्रॉनला वीस-बावीस मिनिटे. टाकीतून काढलेल्या तुकड्यावर कारागिराने दिव्याच्या तारेची दोन टोके टेकविली. दिवा लागला नाही. कोऱ्या तुकड्यावर टेकविली, लागला. धातू वीज नेतो, त्याचे कवच नेत नाही.

परंतु हे कवच या अवस्थेत अपुरे असते. त्यात तळाशी एक अखंड पातळ थर आणि त्यावर उभ्या, षट्कोनी कोठड्यांची दाटी असते. प्रत्येक कोठडीच्या मधोमध एक उभे रंध्र, आणि अशी रंध्रे एका चौरस सेंटिमीटरात अब्जावधी. अल्कोआ या अमेरिकन ॲल्युमिनियम कंपनीच्या केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी १९५३ साली ही रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडून दाखविली. या रंध्रांत रंग भरता येतो, म्हणून सोनेरी, काळ्या, कांस्यवर्णी खिडक्या शक्य होतात; पण त्याच रंध्रांतून क्लोराइडही आत उतरू शकतात. म्हणून शेवटची पायरी सिलिंगची. उकळीला टेकलेल्या शुद्ध पाण्यात माल ठेवला की ऑक्साइड पाणी शोषून फुगतो आणि रंध्रांची तोंडे मिटतात. या पायरीला दर मायक्रॉनमागे दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. म्हणजे कवच वाढवायला जेवढा वेळ, जवळजवळ तेवढाच, कित्येकदा अधिकच, ते मिटवायला. आणि येथेच सारी गोम आहे. टाकीतून उचललेला माल सिलिंग होवो न होवो, दिसतो सारखाच. इंधन, शुद्ध पाणी आणि तासाभराचा खोळंबा वाचविण्याचा मोह येथे अनावर होतो. जुने कारागीर याच गोष्टीची तक्रार करतात की, गिऱ्हाईक रंग पाहते, सिलिंग पाहत नाही. वस्तुतः ते पाहणे अवघड नाही. मला तेथे दोन तुकडे दाखविण्यात आले. दोहोंवर रंगाचा एकेक थेंब टाकून काही मिनिटांनी धुऊन पुसण्यात आला. एकावरचा डाग मागमूस न ठेवता गेला. दुसऱ्यावरचा कितीही घासला तरी हलला नाही, कारण तो रंध्रांत उतरला होता. जेथे रंग उतरतो तेथे समुद्रही उतरतो.

खिडक्यांकरिता वापरला जाणारा ६०६३ हा मिश्रधातू मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांचा; त्यात तांबे जवळजवळ नसल्याने ड्युरालुमिनसारखी फितुरी नाही आणि त्यावरची विवरे बहुधा उथळ राहतात. मग आपल्या किनाऱ्यावरच्या चौकटी अवेळी का खराब होतात? माझ्या मते याची कारणे धातूत नसून आपल्या बांधकामाच्या सवयींत आहेत. गिलाव्याचा ओला चुना आणि सिमेंट चौकटीवर उडते, तसेच वाळू दिले जाते, आणि क्षार ॲनोडायझिंगच्या कवचावर कायमचे चट्टे पाडतात. चौकटीवर संरक्षक पट्टी लावण्याची हयगय सर्रास होते. त्यानंतर फरशी उजळण्यासाठी "ॲसिड वॉश" होतो, आणि हे हायड्रोक्लोरिक आम्ल खिडकीच्या पन्हळीत झिरपून जे विवर पडायला वर्षे लागली असती त्याचा मुहूर्त पहिल्याच आठवड्यात करते. लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांची जोडी खाऱ्या ओलीत घट चालू करते, ही तिसरी गोष्ट. पावडर कोटिंग केलेल्या मालातही रंगाखालची रासायनिक तयारी नीट नसेल, तर कापलेल्या कडेपासून रंगाच्या पोटात केसासारख्या रेघा सरपटत जातात आणि पापुद्रा फुगतो.

पावसाविषयी आपला समज तर अगदीच उलटा आहे. छज्ज्याखाली, आडोशाला असलेली चौकट सुरक्षित आणि पावसाच्या माऱ्यात असलेली धोक्यात, असे वाटणे साहजिक आहे. अनुभव याच्या विरुद्ध येतो. उघड्या चौकटीवरचे मीठ दर पावसाळ्यात धुतले जाते, आडोशाच्या चौकटीवर ते वर्षामागून वर्षे साचते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर गेली की ओल शोषून द्रवरूप होते. आपल्या किनाऱ्यावर त्याच्याखाली हवा कोरडी होते तरी कधी? म्हणजे आडोशाची चौकट बहुतेक वर्षभर खाऱ्या ओलीत बसलेली असते, पाऊस न पडताही.

महाराष्ट्राला या धातूचे वावडे असण्याचे काही कारण नाही. राधानगरीच्या परिसरातील सड्यांवरचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाऊन त्याचा अल्युमिना होतो. नागपुरास या धातूच्या संशोधनाला वाहिलेले जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे केंद्र आहे. अंबरनाथला नौदलोपयोगी पदार्थांच्या संशोधनाची प्रयोगशाळा आहे, जिचे काम खाऱ्या पाण्याशी झुंजणाऱ्या पदार्थांचेच. ज्ञान दारात आहे. उणीव आहे ती करारनाम्यात ते लिहून घेण्याची. भारतीय मानक १८६८ मध्ये ॲनोडायझिंगच्या प्रती एसी ५, १०, १५, २० आणि २५ अशा ठरवून दिल्या आहेत आणि तो आकडा म्हणजे कवचाची मायक्रॉनमधील किमान सरासरी जाडी. सरकारी बांधकामांच्या दरसूचींत खिडक्यांना पुष्कळदा एसी १५ फर्माविलेले असते, खासगी व्यवहारात तर तेवढाही उल्लेख नसतो. देयकावर नुसते "ॲनोडाइज्ड" असे लिहिले की दोन्ही पक्ष संतुष्ट.

म्हणून किनाऱ्यावर घर बांधणाऱ्या, आणि गृहनिर्माण संस्थांच्या दुरुस्तीची निविदा काढणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती आहे. करारात एसी २५ हे शब्द घाला. माल उतरला की दर खेपेतून दोन तुकडे काढून जाडीमापकाने जाडी आणि रंगाच्या थेंबाने सिलिंग तपासण्याचे कलम घाला, आणि ते तपासल्यावाचून रक्कम अदा करू नका. स्क्रू स्टेनलेस पोलादाचे मागा. गिलावा आणि फरशीचे काम पुरे होईपर्यंत चौकटीवरची पट्टी काढू देऊ नका. आणि घरात राहावयास गेल्यावर महिन्यातून एकदा, विशेषतः छज्ज्याखालच्या खिडक्या आणि त्यांच्या पन्हळी, गोड्या पाण्याने व साध्या साबणाने धुऊन काढा. आम्ल, सोडा किंवा घासणी त्यांना लावू नका. याला खर्च जवळजवळ काही नाही.